ड्रम काढले, डिस्क लावल्या... आणि मग कळलं
तर झालं असं. गॅल्व्हस्टनहून बोट घेऊन ह्यूस्टनला परत येत होतो. सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला, आणि मागच्या ट्रेलरने असं काही ढकललं की गाडी थेट झेब्रा क्रॉसिंगवर! मागे झोपलेली लेक डोळे चोळत म्हणाली, "आलं का घर?" मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

घरी आल्यावर ट्रेलरचा ड्रम उघडला. आत गंजाचा नुसता चिखल. बोट पाण्यात उतरवताना ट्रेलरची चाकं बुडतात, खारं पाणी ड्रममध्ये शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. डिस्क कशी, उघडी असते, नळाखाली धुता येते. म्हटलं, डिस्कच बसवू. आणि स्वतःच. (मेकॅनिकचा आकडा ऐकून बायकोनेही लगेच परवानगी दिली :) )

या ट्रेलरला 'सर्ज ब्रेक' असतात. गाडीला जोडतात तिथेच एक सरकणारा भाग असतो. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, तो भाग दबतो आणि आतला मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो. म्हणजे ट्रेलरचा धक्काच ट्रेलरला थांबवतो. काय डोकं आहे ना!

शनिवारी ड्रम काढले. अ‍ॅक्सलवर ब्रॅकेट, बेअरिंगमध्ये नवीन ग्रीस, मग रोटर आणि कॅलिपर. हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला ठेवला, नाहीतर हवा आतच अडकते. बायको पुढे सिलिंडर दाबतेय, मी मागे स्क्रू सोडतोय, असं करत हवाही काढली. चाकं जरा जड फिरत होती. नवीन पॅड आहेत, होईल मोकळं, असं म्हणून सोडून दिलं.

इथेच माती खाल्ली.

रविवारी रिकामा ट्रेलर दहा मैल फिरवून आणला. हबला हात लावला तर चटकाच बसला! ब्रेक सुटतच नव्हते. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. ड्रमच्या दणकट स्प्रिंगा शू मागे ओढतात, त्यामुळे तिथे तो चालून जातो. कॅलिपरला तशी स्प्रिंगच नसते, म्हणून पॅड घासत राहतात. तसाच हायवेला गेलो असतो तर ग्रीस वितळून बेअरिंग गेलं असतं, आणि कदाचित चाकही.

दुसरी गंमत रिव्हर्सची. सर्जचे ड्रम मागे जाताना पकडत नाहीत, अशी त्यांची रचनाच असते. डिस्कला पुढे-मागे सारखंच. त्यामुळे चढावर रिव्हर्स घेतला की ट्रेलर जागीच अडतो. त्यासाठी रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालणारा सोलेनॉइड लागतो, आणि ती पाचवी वायर. माझ्या प्लगला चारच!

ऑफिसात मीच ज्युनियर पोरांना सांगतो, एक मॉड्यूल बदललंत तर त्याच्यावर कोण कोण विसंबून आहे ते आधी बघा. इथे चाकांना डिस्क होत्या आणि पुढचा सिलिंडर अजून ड्रमच्याच काळात जगत होता.

शेवटी डिस्कसाठीचा, सोलेनॉइडवाला पुढचा भाग आणून बसवला, पाच पिनांचा प्लगही. तुम्ही हे करणार असाल तर चाकांच्या आधी पुढचा सिलिंडर बघा.

आता प्रत्येक ट्रिपला पहिल्या थांब्यावर उतरून मी हबला हात लावतो. लेक खिडकीतून विचारते, "बाबा, ताप आहे का?"

अजून तरी नाही.