ती एक सही

ऑगस्ट २००९ ची गोष्ट. पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला. पाठोपाठ कॉलेज बंद झाले म्हणून भाचा तिथून चिटगुप्प्याला आला. आमच्या अव्वाने दारातच विचारले, "हंदी ज्वर तर आणला नाहीस ना रे?" गल्लीतल्या लोकांनी डुकरे पाळणाऱ्या कुटुंबाला हलवण्यासाठी अर्ज केला. मीही सही केली.

पुढे वाचले, तेव्हा कळले. या विषाणूत जनुकांचे आठ तुकडे असतात. एकाच डुकराला दोन प्रकारच्या फ्लूची लागण झाली, की तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा विषाणू जन्मतो. २००९ च्या विषाणूत डुक्कर, पक्षी, माणूस अशा तिन्हींकडचे तुकडे होते. आपल्या घरातल्या मराठी-कन्नड-उर्दू बोलीसारखे! पण तो जगभर पसरला माणसांच्या खोकल्यातून. उलट अनेक देशांत माणसांनीच तो डुकरांना दिला.

भाचा ठणठणीत राहिला. ते कुटुंब मात्र गाव सोडून गेले. तोच विषाणू बदलत बदलत आजही हंगामी फ्लू म्हणून फिरतो. खोकताना तोंडावर रुमाल धरला, की मला ती सही आठवते.