ज्याचे नाव दगडावर नव्हते

आमच्या आजीला जगाचा भूगोल ठाऊक नव्हता, पण पोलंड ठाऊक होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने सैबेरियात हद्दपार केलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका नि मुले, इराणमार्गे येऊन तिथे राहिली होती. आजी त्या छावणीत अंडी विकायला जाई. "लई गुणी बायका," ती सांगे, "पर टपाल आलं की रडायच्या. त्यांची माणसं लांब कुठं तरी लढाईत हुती." आणि गोष्ट संपली की दर वेळी एकच प्रश्न विचारी, "लढाई संपल्यावर ती माणसं घरला गेली का रं?"

आजी जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे राहून गेले होते. म्हणून २०२४ साली भाच्याकडे लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा मी मनाशी एक बेत केला. पोलिश विमानदलातला एखादा वैमानिक निवडायचा आणि त्याच्या मागोमाग जाता येईल तितके जायचे. निवडला तो स्तानिस्वाव स्काल्स्की. दुसऱ्या महायुद्धातला पोलंडचा हा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक.

"मामा, लंडनला येऊन लोक राजवाडा बघतात. तुम्ही हमरस्त्याकडेचा खांब बघायला निघालात!" भाचा हसून म्हणाला. पण त्यानेच मला साऊथ राइस्लिप स्टेशनापर्यंत पोचवले. तिथून जवळच नॉर्थोल्टचा विमानतळ. १९४० साली ३०३ क्रमांकाचे प्रसिद्ध पोलिश स्क्वाड्रन येथूनच लढले. ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईत एकूण १४५ पोलिश वैमानिक उतरले होते. विमानतळापाशी, अखंड वाहणाऱ्या मोटारींच्या कडेला, १९४८ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. माथ्यावर कांस्याचा गरुड, आणि दगडावर नावेच नावे.

मी चष्मा पुसून 'एस' अक्षराखालची नावे वाचू लागलो. दोनदा वाचली. स्काल्स्की काही सापडेना. शेजारी एक वृद्ध गृहस्थ फुले ठेवीत होते. माझी शोधाशोध पाहून त्यांनी कोणाचे नाव हवे म्हणून विचारले. मी सांगितले. ते किंचित हसले आणि म्हणाले, "ही मेलेल्यांची यादी आहे. तो वाचला."

मी ओशाळलो. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती!

स्काल्स्कीचा जन्म १९१५ सालचा, ओडेसाच्या उत्तरेकडील कोदिमा गावचा. देंब्लिनच्या वैमानिक शाळेतून तो १९३८ साली अधिकारी होऊन बाहेर पडला आणि तोरुन शहरी नेमला गेला. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, तेव्हा त्याच्या हाती पीझेडएल पी-११ हे विमान होते. बसायची जागा उघडी, चाके पोटात न जाणारी. जर्मन विमानांपुढे ते अगदीच जुनाट. त्या पहिल्याच दिवशी एक जर्मन टेहळणी विमान शेतात पाडले गेले. स्काल्स्की आपले विमान घेऊन त्याच्याशेजारी उतरला, आतले नकाशे ताब्यात घेतले, आणि मग त्या जखमी जर्मन वैमानिकांवर प्रथमोपचार केले. वय वर्षे तेवीस, देशावर आकाश कोसळलेले, आणि हा मनुष्य शत्रूच्या जखमा बांधीत बसतो!

पोलंड पडल्यावर तो रुमानिया, बैरूत, फ्रान्स असा वळसा घालीत इंग्लंडला पोचला. ५०१ स्क्वाड्रनमधून हरिकेन उडवताना सप्टेंबर १९४० मध्ये त्याचे विमान पेटले. भाजलेल्या अंगाने सहा आठवडे रुग्णालयात काढून तो पुन्हा उडू लागला. १९४३ साली ट्युनिसियात निवडक पोलिश वैमानिकांची एक छोटी तुकडी स्पिटफायर घेऊन लढली. तिला लोक 'स्काल्स्कीची सर्कस' म्हणत. पुढे ब्रिटिशांचे ६०१ स्क्वाड्रनही त्याच्या हाताखाली देण्यात आले.

युद्ध संपले. पोलंड जिंकलेल्यांच्या बाजूचा, पण सत्ता आली ती सोव्हिएत छायेतल्या कम्युनिस्टांची. स्काल्स्कीचे अनेक सोबती इंग्लंडातच राहिले. तो मात्र १९४७ साली घरी गेला.

म्हणून मीही वॉर्साला गेलो. राकोव्येत्स्का रस्त्यावर मोकोतुवचा तुरुंग आहे. आता तिथे संग्रहालय झाले आहे. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ट्राम घणघणत जात होती, पोरे दप्तरे घेऊन घरी चालली होती, आणि मी त्या उंच भिंतीशी नुसता उभा राहिलो. ४ जून १९४८ रोजी स्काल्स्कीला अटक झाली. आरोप हेरगिरीचा. ७ एप्रिल १९५० रोजी त्याला फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. जर्मनांच्या तोफांनी जे साधले नाही, ते त्याच्याच देशाचे न्यायालय साधू पाहत होते.

त्याला वाचवले ते त्याच्या आईने. तिने राष्ट्राध्यक्ष ब्येरुत यांच्याकडे पोराच्या प्राणांची भीक मागितली आणि फाशीची जन्मठेप झाली. मोठमोठी पदके या मुलाच्या छातीवर होती, पण कामास आला तो म्हातारीचा अर्ज! १९५६ साली, वारे पालटल्यावर, तो सुटला आणि निर्दोष ठरला. पुन्हा विमानदलात गेला, १९३९ च्या लढाईवर पुस्तक लिहिले, १९८८ साली जनरलही झाला. १२ नोव्हेंबर २००४ रोजी वॉर्सातच त्याचे निधन झाले.

दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर. पोलंडमध्ये हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपल्याकडे त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. मी पोवोंझ्कीच्या लष्करी दफनभूमीत गेलो. सारा गाव तिथे लोटला होता. आजोबा, सुना, कडेवरची पोरे. प्रत्येकाच्या हाती काचेचे झाकणदार दिवे. अंधार पडला तशा थडग्यांच्या रांगा उजळत गेल्या. घरापासून हजारो मैलांवर माझी दिवाळी अशी साजरी झाली.

फाटकाशी घेतलेला एक दिवा मी स्काल्स्कीच्या थडग्यापाशी ठेवला. इथे मात्र त्याचे नाव दगडावर होते. वाऱ्याने वात विझली, तेव्हा शेजारच्या बाईंनी न बोलता आपली काडी पुढे केली. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. वळिवड्याच्या छावणीत आजीचे नि त्या बायकांचेही असेच चालत असेल.

आजी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कितीएक गेलीच नाहीत. आणि हा एक घरी गेला, पण उंबरठा ओलांडून आत यायला त्याला आणखी नऊ वर्षे लागली.