गोदामाचे कुलूप

सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षे हळदीची अडत सांभाळलेले अण्णा पेढीचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागले, तेव्हा घरात कोणाला विशेष वाटले नाही. वय अडुसष्ट, दम लागणारच. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.4 निघाले. पुरुषाच्या बाबतीत ते 13 ग्रॅमखाली गेले की रक्तक्षय मानतात. लोहाचे टॉनिक सुरू झाले, आकडा थोडा वाढला आणि सर्वांनी समाधान मानले. पाच महिन्यांनी तो पुन्हा उतरला.

तेव्हा डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "अण्णा, लोह कमी आहे हे खरे, पण ते जाते कोठे?" उतारवयातील पुरुषाचे लोह आटले, तर कोठे रक्त झिरपते आहे का, हे शोधावेच लागते. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली. तेथील कर्करोग पुष्कळदा दुखत नाही, डोळ्यांना दिसेल असे रक्तही दाखवत नाही. अनेकदा थकवा हीच त्याची पहिली खूण असते. गल्ल्याला गळती असावी आणि मालकाने ती न शोधता वरून पैसे टाकत राहावे, तसे ते पाच महिने गेले होते. ती टोचणी मुलाच्या मनातून अजून गेलेली नाही.

शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सुरू झाली. मुलगा जुन्या रोजमेळाच्या मागच्या पानावर आकडे लिहू लागला : 10.1, 9.2, 8.3, 7.6. औषध कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील रक्त घडविणाऱ्या पेशींनाही रोखते, हे त्याला उमगले. पण साठ्यातील लोह दाखविणारे फेरिटिन अहवालात भरपूर असताना रक्त का वाढू नये? डॉक्टर म्हणाले, "गोदामात माल आहे, पण कुलूप लागले आहे." आजारातील दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक तयार करते, मग साठ्यातले लोह बाहेर पडत नाही आणि आतड्यातून नवे नीट शोषले जात नाही. म्हणून एकट्या फेरिटिनवर विसंबता येत नाही.

आक्कांना वेगळीच चिंता. जो येई तो बीट खाण्यास सांगे, आणि घरात कंद शिजत नसे. आपल्या नेमामुळे तर हे झाले नाही ना? डॉक्टरांनी समजावले, की बीटाचा लाल रंग लोहाचा नव्हे; नेम मोडण्याचे कारण नाही. मात्र बी-12 वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. ते तपासले, कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू झाली. जेवणानंतर लगेच घेतला जाणारा चहा बंद झाला, वरणावर लिंबू आले.

7.6 ला छातीत धडधड वाढली, तेव्हा रक्ताची एक पिशवी द्यावी लागली. एका पिशवीने सुमारे एक ग्रॅम वाढते. थेंब पडत असताना अण्णांनी विचारले, "हे कोणाच्या नावे जमा धरायचे रे?" मुलाला उत्तर सुचले नाही.

पुढच्या महिन्यात तो रक्तपेढीत गेला. रोजमेळाच्या त्याच पानावर, वडिलांच्या आकड्यांखाली, आता त्याच्या रक्तदानाची तारीख आहे.