मधली सावली

मी वातानुकूलनाची आखणी करतो. गाव हिंगोली, पण कामाचा मोठा भाग करमणूक उद्यानांचा. बंदिस्त राइड्स, अंधारी दालनं, हलत्या खुर्च्यांची सभागृहं आणि त्यांच्या दारातल्या लांबलचक रांगा हे माझं क्षेत्र. किती टनांचं यंत्र बसवायचं, हा या कामातला सोपा प्रश्न. त्याची गणितं ठरलेली आहेत. अवघड प्रश्न माणसाचा असतो. बेचाळीस अंशांच्या उन्हात दोन-तीन तास हिंडलेला, घामानं निथळणारा, कडेवर लेकरू घेतलेला माणूस दारात येतो. त्याला आत घ्यायचं, अर्धा तास रांगेत सुखानं उभं करायचं, दहा मिनिटं खेळवायचं आणि पुन्हा त्याच उन्हात सोडायचं. या सगळ्यात त्याच्या अंगाला कुठंही हिसका बसता कामा नये. भिंतीवरच्या आकड्याकडे बघून हे साधत नाही.

महाराष्ट्राला उद्यानांची ओळख झाली ती उघड्यावरच्या पाळण्यांनी. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, तेव्हा बहुतेक गंमत आभाळाखालीच होती. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभं राहिलं आणि चित्र पालटलं. ‘मिस्टर इंडिया’, ‘सलीमगढ’, ‘अलीबाबा और चालीस चोर’, ‘डीप स्पेस’ ही तिथली आकर्षणं चार भिंतींच्या आतली. शिर्डीच्या साईतीर्थानं हीच रीत भक्तीच्या विषयाला लावली. आखाती देशांनी तर अख्खी उद्यानंच छपराखाली घेतली: अबुधाबीचं फेरारी वर्ल्ड २०१० साली, दुबईचं आयएमजी वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर २०१६ साली. आमच्या मराठवाड्यातल्या सहली हैदराबादेला जातात. तिथल्या स्नो वर्ल्डमध्ये २००४ पासून उणे पाच अंशांत मुलं बर्फ खेळत आहेत.

उणे पाच अंशांत मुलं मजेत असतात, यात नवल नाही. तिथं जॅकेट, हातमोजे, बूट चढवूनच आत सोडतात. थंडी वाजते ती वीस अंशांच्या दालनात, कारण तिथं सगळे घामेजल्या सुती सदऱ्यावर शिरतात. ओला कपडा, वरून अंगावर येणारा गार झोत आणि नुसतं उभं राहणं, हे तिन्ही एकत्र आलं की वीस अंशांतही दातावर दात आपटतात.

माणसाला हवा कशी वाटते, याचं शास्त्र डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० च्या त्यांच्या ग्रंथात नीट बांधलं. त्यांनी सहा गोष्टी सांगितल्या: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आपला थर्मोस्टॅट या सहांपैकी फक्त पहिली गोष्ट मोजतो. डोक्यावरचा पत्रा साठ अंशांपर्यंत तापलेला असेल, तर आतली हवा सव्वीस अंश असूनही टाळू तापतच राहते. त्या धगीचं थर्मोस्टॅटला काही कळत नाही.

फँगर यांचं गणित मात्र स्थिर माणसाचं आहे, एकाच खोलीत बराच वेळ बसलेल्याचं. उद्यानातला माणूस सतत जागा बदलतो. त्याच्यासाठी मला फ्रान्सच्या मिशेल काबानाक यांचं काम जास्त उपयोगी पडतं. १९७१ साली त्यांनी दाखवून दिलं की एखादा स्पर्श सुखाचा की दुःखाचा, हे शरीराच्या आतल्या स्थितीवर ठरतं. तापलेल्या अंगाला गार पाणी अमृतासारखं लागतं. अंग निवलं की तेच पाणी नकोसं होतं.

सभागृहाच्या दारात उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. तीनशे माणसांचा लोंढा उन्हातून आत येतो. पहिल्या मिनिटाला सगळ्यांचे चेहरे फुलतात, कुणी हात पसरून झोताखाली उभं राहतं, कुणी म्हणतं, “अजून वाढवा की एसी!” चालक बिचारा आकडा अठरावर नेतो. खेळ सुरू होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात त्वचा निवलेली असते, पण सदरा पाठीला ओलाच असतो. मग आया पदर नाहीतर ओढणी लेकरांभोवती गुंडाळू लागतात, म्हातारी माणसं हात काखेत घालून बसतात. अठराचा आकडा पहिल्या मिनिटाच्या मागणीवर ठरलेला, आणि त्याची शिक्षा विसाव्या मिनिटाला. लेकरांना ती लवकर जाणवते, कारण वजनाच्या मानानं त्यांची कातडी जास्त. उष्णता घेतात भरभर आणि सोडतातही भरभर. म्हाताऱ्यांचं शरीर घाम आणि तहान दोन्ही उशिरा दाखवतं, त्यामुळे खेळ संपवून पुन्हा उन्हात पडताना त्यांनाच भोवळ येण्याची भीती जास्त.

अति गारव्याची ही सवय आपल्याला सिनेमागृहांनी लावली. मुंबईचं रीगल १९३३ साली सुरू झालं. भारतातल्या सुरुवातीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी ते एक. त्या काळापासून गारवा हा तिकिटातलाच एक भाग झाला आणि जितकं थंड तितकं भारी, हे मनात ठसलं. आजही काही मालक मला सांगतात, “दार उघडलं की थंडीची लाट अंगावर आली पाहिजे.” मी त्यांना विचारतो, ती लाट अंगावर घेऊन पाहुणा तासभर तुमच्या दालनात थांबेल की बाहेर पळेल?

दुसरी मोठी गोष्ट दमटपणाची. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. तीनशे माणसं म्हणजे तीस किलोवॅट. नुसत्या माणसांना निववायला आठ-नऊ टन यंत्र लागतं. दिवे, पडदे, मोटारी, छप्पर यांचा हिशेब वेगळा. याच तीनशे जणांच्या श्वासातून आणि घामातून तासाला पंधराएक लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. उन्हातून घामेजून आलेले असतील तर त्याहून बरंच जास्त. हे पाणी यंत्रानं गाळून बाहेर काढलं नाही, तर चोवीस अंशांतही दालन कोंदट वाटतं, ओलसर वास येतो, गालिचे कुबट होतात. खोपोलीसारख्या कोकणाच्या तोंडाशी असलेल्या गावी सतत उघडणारं दार म्हणजे बाहेरचा दमटपणा आत ओढणारं भोक. तिथं आम्ही दुहेरी दारं ठेवतो, दारावर हवेचा पडदा लावतो आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राखतो, म्हणजे दार उघडलं की आतली कोरडी हवा बाहेर पडते, बाहेरची आत घुसत नाही.

हिंगोलीची गोष्ट उलटी. आमच्या मे महिन्यातली दुपार बेचाळीस अंशांची, पण रखरखीत कोरडी. हवेत वीस टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या कूलरमधून निघणारी हवा अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरते. कोकणात पस्तीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर हवा जेमतेम तीसच्या खाली आणतो आणि वरून अंग चिकचिकीत करतो. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारे आपले जुने लोक शास्त्राला धरूनच वागत होते. एक सावधगिरी मात्र हवी. चाळीसच्या वर नुसता पंखा लावला तर तो गरम हवा अंगावर फेकतो, दिलासा देत नाही. अशा वेळी वाऱ्याला पाण्याची जोड लागतेच.

मग उद्यानातला माणूस उन्हातून गारव्यात न्यायचा कसा? याचं उत्तर मला आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत सापडलं. दिंडी दरवाजातून आत आलं की ढेलज, मग चौक, मग ओसरी आणि शेवटी माजघर. ढेलजेत सावली मिळायची, ओसरीवर वारा लागायचा आणि मातीच्या जाड भिंतींचं, माळवदाचं माजघर भर दुपारीही गार असायचं. पाहुण्याला ओसरीवर बसवून पाणी देईपर्यंत त्याचं अंग निम्मं निवलेलं असे. उद्यानातल्या रांगेची आखणी मी याच क्रमानं करतो. रांगेचा पहिला टप्पा दाट सावलीचा, शक्यतो झाडांच्या, नाहीतर दुहेरी छपराच्या. दुसरा टप्पा पंख्यांचा, कोरड्या प्रदेशात कूलरचा, तीस-बत्तीस अंशांचा. इथंच घाम वाळतो, आणि सदरा कोरडा झाला की पुढची निम्मी तक्रार मिटते. तिसरा टप्पा बंदिस्त, सत्तावीस अंशांच्या आसपास. त्यानंतर मुख्य दालन, चोवीस-पंचवीस अंशांचं, झोत थेट अंगावर न येणारं. बाहेर पडतानाही हाच उतार उलट्या क्रमानं असावा, म्हणजे माणूस चोवीसमधून एकदम बेचाळीसमध्ये फेकला जात नाही. अंधाऱ्या दालनात शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो हे सगळ्यांना पटतं; कातडीलाही तो लागतो.

या क्रमानं पैसाही वाचतो. यंत्राचा आकडा एक अंशानं वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं आहे. खोल्यांसाठीच्या तारांकित एसींना कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून पाठवण्याचा नियम जानेवारी २०२० पासून लागू झाला, तो याच विचारानं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी भारतीय कार्यालयांची पाहणी करून दाखवलं की नैसर्गिक वाऱ्याच्या इमारतींत उन्हाळ्यात अठ्ठावीस अंशांच्या आसपासही आपल्या माणसांना बरं वाटतं. आपलं शरीर ऋतूशी जुळवून घेतं. थंड देशांत ठरलेले आकडे आपण जसेच्या तसे का उचलावेत?

मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. मोठ्या यंत्रणा कूलिंग टॉवरवर चालतात आणि दर टनामागे तासाला सहा-साडेसहा लिटर पाण्याची वाफ होते. पाचशे टनांची यंत्रणा दहा तास चालली, तर तीस हजारांहून जास्त लिटर पाणी, म्हणजे तीन टँकर, एका दिवसात आभाळात. म्हणून आमच्या भागात कुणी मोठा प्रकल्प आणला, तर सांडपाणी शुद्ध करून तेच टॉवरला वापरावं, अशी माझी पहिली अट असते.

हिंगोलीत इमॅजिका नाही. पण बंदिस्त जागेतल्या गर्दीचा प्रश्न आमच्याकडे आहेच. दसऱ्याचंच बघा. आमच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शनी भरते, आकाशपाळणे लागतात, पंचक्रोशीतून माणसं लोटतात. ऑक्टोबरच्या काहिलीत पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या मंडपांत ही गर्दी तासन्‌तास उभी असते. तिथं एसी कुणी मागत नाही. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला, पत्र्याखाली हातभर अंतर सोडून कापडाचं दुसरं छत बांधलं, मंडपाच्या वरच्या कडेला गरम हवेला वाट ठेवली आणि तिकिटाच्या रांगेवर हिरवी जाळी टाकली, तरी फरक अंगाला कळेल. यातली एकही गोष्ट फार महागाची नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या औंढ्याच्या नागनाथ मंदिराचा प्रश्नही असाच. ज्योतिर्लिंगाचा गाभारा जमिनीखाली, उतरायला अरुंद पायऱ्या, छत खाली आलेलं. श्रावणात, महाशिवरात्रीला अशा जागेत माणसांची उष्णता, दिव्यांची धग, अभिषेकाच्या पाण्याची वाफ सगळी साचते. अशा ठिकाणी एसी लावला की काम झालं, असं वाटणं धोक्याचं. स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही. आहे तीच हवा गार करून फिरवतो. गारवा वाटतो, पण श्वास जड होतो. अशा गाभाऱ्यांत आधी वापरलेली हवा वरून खेचून बाहेर काढायची सोय हवी, खालून ताजी हवा सोडायला हवी आणि एका वेळी किती माणसं उतरतील यावर लक्ष हवं. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र दारात लावलं, तर आकडा हजार पीपीएमच्या वर गेला की रांग थांबवायची, इतकं ते सोपं होतं. दगडी कोरीव कामाला धक्का न लावता हे करता येतं.

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा होते आहे. केंद्रानं २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या उपकरणांना जराही न हलणारं तापमान लागेल आणि ते देण्याची विद्या आपल्याकडे आहे. माणसाला मात्र तसं गोठलेलं तापमान नको असतं. त्याला सावली लागते, वारा लागतो, घाम वाळायला वेळ लागतो, आणि मग थोडा गारवा पुरतो. जत्रेचे आयोजक, देवस्थानांचे विश्वस्त, मंगल कार्यालयांचे मालक आणि उद्या हिंगोलीत करमणूक उद्यान काढू पाहणारा कुणी उद्योजक, या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे: यंत्राची ऑर्डर देण्याआधी रांगेत स्वतः भर दुपारी अर्धा तास उभे राहा. आधी सावली करा, मग वाऱ्याला वाट द्या, मग हवा कोरडी करा आणि उरलेलं काम तेवढं यंत्राकडे सोपवा.