मामूंना न आवडलेली घड्याळे

जुन्या घड्याळांचे शौकीन पुष्कळ आहेत. पण सेलवर चालणारी जुनी घड्याळे जमवतो असे सांगितले की त्यांच्यातलेच लोक नाक मुरडतात. घड्याळ म्हणजे चावीचे, क्वार्ट्‌झमध्ये जीव नसतो, असे त्यांचे म्हणणे. माझे मामूही हेच म्हणत. पण त्यांना तसे म्हणण्याचा हक्क होता. खेडच्या बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि या घड्याळांनीच त्या दुकानाला कुलूप लावले.

डोळ्याला भिंग लावून मामू एचएमटीची जनता, पायलट उघडून साफ करीत, तेल देत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुवेत-दुबईहून सुट्टीवर येणाऱ्यांच्या मनगटांवर वेगळीच घड्याळे दिसू लागली. काळी काच, बटण दाबले की लाल आकडे पेटायचे. बिघडले की ती मामूंकडे येत. झाकण काढले की आत दोन सेल आणि एक पट्टी. "यात दुरुस्त काय करू? सेल बदलून देतो," एवढेच ते म्हणत. १९९१ साली दुकान बंद झाले.

तरीही मला ही घड्याळे आवडतात, आणि त्याला कारण आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे जवळजवळ एका छोट्या मोटारीची. दिसायला मात्र ते चारचौघांसारखेच होते. धिटाई आली ती काटे गेल्यावर. काटे गोल फिरतात म्हणून तबकडी गोल. काटेच नसतील तर घड्याळाने गोल का असावे? १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टनचे पल्सर आले. १८ कॅरट सोने, किंमत २,१०० डॉलर, आणि काटा एकही नाही. लाल दिवे वीज फार खात, म्हणून वेळ पाहायची तर बटण दाबायचे. १९७६ च्या बुलोवा कॉम्प्युट्रॉनने तर आकडे वरून काढून कडेच्या उतारावर आणले, स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसावी म्हणून. जिरार-पेरेगोचे कास्केट याच वळणाचे. इलेक्ट्रॉनिक घड्याळ कसे दिसावे हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे वाटेल ते करून पाहायची मुभा होती. पुढे १९७७ पर्यंत प्लॅस्टिकची लाल आकड्यांची घड्याळे दहा डॉलरला मिळू लागली. मग सतत दिसणारे एलसीडीचे करडे आकडे आले आणि तो खेळ संपला.

आत चालते ते साधेच. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; चिप त्या संख्येला पंधरा वेळा निम्मे करते आणि उरतो एक ठोका. (पंधरा वेळा निम्मे करून पाहा, बरोबर एक येतो. मी मुलांना हे कागदावर करायला लावतो.)

जुम्म्याच्या सकाळी चोरबाजारात जातो तेव्हा खिशात सेल असतात. आधी झाकण उघडून हिरवट थर पाहायचा, मग बटण दाबायचे. एखादी रेघ मेलेली असेल तर आठाचा सहा दिसतो. एलसीडीवर शाई सांडल्यासारखा डाग असेल तर परत ठेवून द्यायचे. चिप मेली की इलाज नाही. १९४० चे चावीचे घड्याळ आजही दुरुस्त होते, १९७६ चे हे होत नाही. काही जण आत नवे सर्किट बसवतात. मला ते पटत नाही. मग उरते ती नुसती डबी.

कॉम्प्युट्रॉन मात्र बाजारात नाही, कुवेतहून परतलेल्या एका नातेवाइकाच्या पेटीत मिळाले. बंद होते. मामू तेव्हा आमच्याकडे मुंब्र्याला राहायला आले होते. मी ते त्यांच्यापुढे ठेवले. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग भिंग मागितले, लिंबाच्या रसात बुडवलेल्या काडीने सेलखालचे पत्रे घासले, पुसले, वाळू दिले. नवे सेल घालून बटण दाबले. आकडे पेटले. वेळ लावून झाल्यावरही ते बटण दाबतच राहिले.

"आवडलं का, मामू?"

"गंज काढला, बेटा. दुरुस्ती नाही ही."

२०११ साली मामू अल्लाहला प्यारे झाले. माझ्या पेटीत लाल आकड्यांची बारा घड्याळे आहेत. पाच पेटतात, त्यातली दोन मामूंच्या काडीने.