गांवकीची खोली

'चाकरमानी' हा शब्द ज्यास ठाऊक नाहीं असें मूल आपल्या जिल्ह्यांत विरळाच. गणपतीस व शिमग्यास येणारा, मिठाईचा पुडा व नवीं कापडें आणणारा, आणि चार दिवसांनीं पुन्हां जाणारा, एवढीच त्याची ओळख पुष्कळ मुलांस असते. उरलेलें वर्ष तो कसा व कोणाच्या आधारावर काढी, हें घरांतील वडील माणसें सहसा सांगत नाहींत. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांकरितां त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

मुंबईंतील पहिली कापडाची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, आणि त्यांत राबणाऱ्यांत पुष्कळ वर्षें रत्नागिरी जिल्ह्याचाच भरणा मोठा असे. कातळाची जमीन, एका पावसाचें भात, आणि भाऊवांटणीनें तुकडे झालेलें शेत. घरधनी घरीं बसला तर चूल पेटेना. तो बोटीनें गेला, बायकामुलें मागें राहिलीं. (कोंकण रेल्वे पुरी झाली ती १९९८ सालीं.)

लालबाग, परळ, नायगांव या भागांत एकेका गांवच्या लोकांनीं मिळून एक खोली घ्यावी, अशी चाल पडली. तिला गांवकीची खोली म्हणत, कोणी गाळाही म्हणत. दहाबारा फुटांच्या जागेंत वीस-पंचवीस माणसें! भिंतीकडेनें पत्र्याच्या ट्रंका, वर खुंटीस सदरे. रातपाळीचा गडी सकाळीं परतला कीं पहिल्या पाळीस गेलेल्याच्या पथारीवर निजे. स्नेह हा शब्द पुस्तकांत फार मोठा दिसतो. येथें त्याचा अर्थ, निजलेल्याची झोंप मोडूं नये म्हणून भांडें हळूच खालीं ठेवणें, असा होता. कोणास ताप आला तर खोलीनेंच त्यास इस्पितळांत न्यावें. दुखणें लांबलें तर वर्गणी काढून, सोबत देऊन गांवीं पोंचवावें.

आम्ही पदवीच्या अभ्यासाकरितां मुंबईस असतां, शेजारच्या गांवच्या एका काकांच्या आग्रहावरून लालबागेंतील अशा एका खोलींत रविवारीं जात असूं. गिरण्या तोंवर बहुतेक थंडावल्या होत्या, पण खोली नांदती होती. एके दिवशीं काकांनीं खोलीची वही दाखविली. महिन्याच्या वर्गणीपुढें नांवें होतीं. त्यांत वारलेल्या एका गृहस्थाचेंही नांव तसेंच चालूं ठेविलेलें पाहून आम्हीं कारण विचारलें. काका म्हणाले, "त्याचा पोरगा दहावीला आहे. उद्यां तो इथं यायचा. त्याची जागा जाऊं नये म्हणून त्याचे पैसे आम्हीच भरतों." एवढें सांगून त्यांनीं वही मिटली आणि चहा टाकला.

जेवण बहुधा खानावळींत असे. खानावळ चालविणारी बाई स्वतः एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा असे. पैसे पगार झाल्यावर मिळत. संप झाला तर ती उधारीवर जेवूं घाली आणि आपण सावकाराची ऋणी होई. ह्या बायांकरितांच प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें व त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यांतले हजारों गांवीं परतले आणि पेजेवर दिवस काढूं लागले. तो संप रीतसर मिटलाच नाहीं.

ह्या स्नेहास एक वेस होती, तीही सांगितली पाहिजे. खोली गांवाची म्हणत, तरी ती बहुधा एका जातीची असे. गिरणींत विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक. पण धोट्यांतील दोरा तोंडानें ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस तेथें शिरूं देत नसत. त्यांतहि कोंकणचे थोडे नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळीं हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनीं पुढें मांडला. त्यांचें मूळ गांव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यांतलें. काकांच्या पंगतींत आम्हां ख्रिस्ती मुलास ताट मिळे. आपल्या वडिलांच्या काळीं मिळतें का, असें विचारतां ते हंसून म्हणाले, "तेव्हां तुला गॅलरींत बसवलं असतं, बाळा."

हल्लीं पोट भरण्यासाठीं परमुलखांतून माणसें आमच्या रत्नागिरीस येतात. मिरकरवाड्याच्या नौकांवर पुष्कळ खलाशी नेपाळचे. हापूसच्या बागा राखणारेही पुष्कळ तिकडचेच. तेही एकत्र शिजवितात, एकमेकांचें दुखणें काढतात. आमच्या एका विद्यार्थ्याच्या बागेंत असा राखणदार तीन हंगाम राहिला. त्यास सगळे 'बहादूर' म्हणत. गेल्या वर्षीं त्या मुलानें त्याला खरें नांव विचारलें, तेव्हां तें निराळेंच निघालें. मुलानें नांव व गांव आपल्या वहींत उतरून घेतलें. त्याचें घर मोटार जेथें थांबते तेथून एक दिवसाच्या पायवाटेवर आहे. घरीं म्हातारी आई आणि दोन मुली. आंबा संपतांच तो गेला. दिवाळीनंतर यावयाचा आहे, आणि त्या मुलानें आईकडून कबूल करून घेतलें आहे कीं, पहिल्या रात्रीं त्याचें जेवण माजघरांत वाढावयाचें.