वर्तुळातला क्रमांक

पुण्याची आणि गोव्याची वाट जिथे फुटते त्या पळस्पे फाट्याजवळ आमचे घर. आणि आकड्यांशी माझा पहिला परिचय झाला तो आजोबांच्या पेटीतल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांवरून. भूमापन क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक असे भिन्न जातींचे आकडे एकाच कागदावर नांदत, आणि फेरफाराचा आकडा तेवढा तलाठ्याने वर्तुळात कोंडलेला असे. ते वर्तुळ नसते, तर बाराव्या फेरफारात आणि बारा नंबरच्या शेतात डोळ्याला काहीच भेद दिसला नसता. आणि आमच्याकडच्या जमिनींना पुढे आलेला भाव पाहता, तो भेद दिसणे सर्वांच्याच हिताचे होते.

पुढे सी भाषा हीच उपजीविका झाली तेव्हा हेच आकडे वर्तुळाविना भेटले. कर्निघन-रिची यांच्या १९७८ सालच्या ग्रंथात नसलेला ‘एनम’ १९८९ च्या प्रमाणित भाषेत आला. तो पर्यायांना नावे देतो, परंतु आतून प्रत्येक नाव म्हणजे एक पूर्णांकच. दिव्याचे तांबडा, पिवळा, हिरवा आणि फाटकाचे बंद, उघडे असे दोन एनम केले, आणि दिवा मागणाऱ्या फंक्शनच्या हाती ‘उघडे’ दिले, तर गणती शून्यापासून असल्यामुळे दोहोंकडे १ च भरतो आणि दिवा निमूट पिवळा होतो. सी++ असला अर्ज दारातूनच परत पाठवते. सी मात्र तो दाखल करून घेते. क्लँग हा कंपायलर आपण होऊन इशारा देतो. जीसीसी तो २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून देऊ लागला, तोही ‘एक्स्ट्रा’ इशारे मागितले तरच.

या इशाऱ्याची वासलात कास्ट करून, म्हणजे मूल्याचा प्रकार बळेच बदलून, लावण्याची रूढ रीत मला कधीच रुचली नाही. कारण उद्या कोणी दिव्यांच्या यादीच्या आरंभी ‘विझलेला’ हा पर्याय घातला की सारे आकडे एकाने सरकतात, आणि कास्टची मोहोर मात्र पूर्ववत उमटत राहते. माझा परिपाठ असा, की रूपांतराचे एक छोटे फंक्शन लिहावे, त्यातल्या स्विचमध्ये फाटकाच्या प्रत्येक अवस्थेला तिचा दिवा नावानिशी नेमून द्यावा, आणि ‘डिफॉल्ट’ची शाखा हेतुपुरस्सर गाळावी. ती गाळण्यातच खुबी आहे: फाटकाला ‘अर्धे उघडे’ ही तिसरी अवस्था लाभली, की कंपायलरच्या ‘वॉल’ या इशाऱ्यांच्या गटातला स्विचचा इशारा नेमके त्या स्विचवर बोट ठेवतो.

तरुण सहकारी याला कारकुनी म्हणतात, आणि ती आहेच. स्विचच्या खाली एक अ‍ॅसर्टही लिहा, एवढीच पुस्ती मी जोडतो; सीमध्ये फाटकाच्या चलात ९९ देखील बिनदिक्कत शिरू शकतो.